डाळ शिजवणारं पाणी आणि गिझर खाणारं पाणी

ताई, तुम्ही लिहिलंय की लातुरात बोअरवर चालणाऱ्या घरात राहायला आल्यापासून वर्षभरात गिझरची कॉइल दोनदा जळाली, तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणेदारच राहते, केस राठ झालेत आणि विक्रेता म्हणतो, अख्ख्या घराला आरओ बसवा. तो निर्णय आज घेऊ नका. मी याच शहरात वीस वर्षांहून जास्त काळ बोअरच्या पाण्यावर संसार केलाय, त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

आधी पाणी तपासा. तुमच्या मीटरने ११०० टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवला, पण त्यावरून पाणी किती जड आहे ते समजत नाही. टीडीएसमध्ये साधं मीठही मोजलं जातं. जडपणा येतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. शाळेत ज्याला आपण ‘दुष्फेन’ म्हणून शिकलो तेच हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तिथे बाटली द्या. एकूण कठीणता (म्हणजेच जडपणा), अल्कलिनिटी, फ्लोराइड आणि नायट्रेट असे चार आकडे मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मी मुद्दाम सांगतोय. त्यांचे डाग बादलीवर पडत नाहीत, चवही लागत नाही, पण तब्येतीला ते पांढऱ्या डागांपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचे. पाणी उकळून ते जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते दिवस इथल्या कुणीच विसरलेलं नाही. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. आमच्या गल्लीत त्याच काळात एकामागून एक बोअर पडले, प्रत्येक आधीच्यापेक्षा खोल. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट. पावसाचं पाणी मातीतला कर्बवायू घेऊन त्याच्या भेगांतून मुरतं आणि वाटेत खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. जितका मुक्काम लांब, तितकं पाणी जड.

आता गिझर. जडपणाचा एक भाग बायकार्बोनेटचा असतो, आणि पाणी तापलं की तोच चुन्यासारखा होऊन कॉइलवर बसतो. अल्कलिनिटीचा आकडा मागायला सांगितलं ते यासाठीच, हा भाग किती ते त्यावरून कळतं. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जाईना, ती आतल्या आत तापते आणि जळते. तुमच्या दोन्ही कॉइल बहुधा अशाच गेल्या. थर्मोस्टॅट ७० वर असेल तर ५० ते ५५ वर आणा. एवढ्यानेही क्षार बसायचा वेग बराच मंदावतो. वर्षातून दोनदा मेकॅनिककडून टाकी उघडून साफ करून घ्या आणि अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) त्याच वेळी बघायला सांगा. शॉवरची जाळी आणि तोट्यांसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घाला आणि रात्रभर बुडवून ठेवा. फक्त ते शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. तो दगडही चुन्याचाच, आम्ल त्याला खातं. आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

माझी आजी गावातल्या विहिरी कामावरून ओळखायची. ही डाळ शिजवणारी, ती धुण्याची, पलीकडची गुरांची. डाळीसाठी ती लांबच्या विहिरीवर जायची. कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट बांधतो, म्हणून दाणा फुटत नाही. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ शिजते, पण रोज घालू नका, ब-१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होतं. त्यापेक्षा डाळीचं पाणी आधी दहा मिनिटं उकळा, थंड होऊ द्या आणि वरचं निवळ घ्या. खाली बसलेला पांढरा गाळ म्हणजे तुमच्या डाळीचा शत्रू. सल्फेट, क्लोराइडचा जडपणा मात्र उकळून जात नाही, तो जास्त असेल तर डाळ आरओच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही.

आजीचाच हिशेब घराला लावा. पिणं आणि स्वयंपाक मिळून चार माणसांना रोज २० ते २५ लिटर लागतं, तेवढ्यापुरता ओट्याखालचा छोटा आरओ पुरे. अख्ख्या घराला आरओ लावलात तर शुद्ध पाण्याच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत जाईल, आणि पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिलेल्या शहरात मला ते पटत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी मूळ पाण्याहूनही जड असतं. ते संडासाला वापरा, झाडांना किंवा गाडीच्या काचेला नको.

न्हाणीघर आणि वॉशिंग मशीनसाठी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, घ्या. त्यातले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणून टीडीएस कमी दिसत नाही, ते बघून मशीन बिघडलं असं समजू नका. ठरल्या वेळी मीठ घालून रेझिन धुवावं लागतं. दर १०० मिलिग्रॅम कठीणतेमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं, तेव्हा घरात कुणाला रक्तदाब असेल तर ते पाणी पिण्याला नको. तुळशीलाही नको.

केसांबद्दल सांगायचं तर साबणाचा न विरघळणारा साका केसांवर बसतो, त्यामुळे ते राठ होतात. शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घ्या. केस मुळापासून गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, पाण्यावर खापर फोडून थांबू नका. मुतखड्याची भीती सगळे घालतात, पण कमी पाणी पिणं हे त्याचं जास्त पक्कं कारण आहे.

आणि गच्ची वाया घालवू नका. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६५ हजार लिटर पाणी पडतं. वाफ, गळती धरूनही ५० हजार हाती येतं, आणि ते सगळं सुफेन, म्हणजे जडपणा नसलेलं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या. पुढचं टाकीत साठवा, जास्तीचं वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरशेजारी जिरवा. आम्ही हे केल्यापासून दिवाळीपर्यंत गिझर आणि वॉशिंग मशीन पावसाच्या पाण्यावर चालतं.

तपासणीचे चार आकडे हाती आले की मला कळवा. घरात माणसं किती आणि टाकी किती लिटरची तेही लिहा, म्हणजे सॉफ्टनर केवढा घ्यायचा ते हिशेब करून सांगतो.