हनुवटी लहान दिसते, काळजी कधी करायची?

प्रश्न : नात दोन महिन्यांची आहे. हनुवटी आत गेल्यासारखी दिसते. मालीशवाल्या बाई रोज ती ओढून 'आकार' देतात. उपयोग होईल का? (एक आजी, सातारा)

उत्तर : नाही. बाईंना हनुवटी सोडून बाकी अंग हलक्या हाताने चोळू द्या. बहुतेक तान्ह्या बाळांचा खालचा जबडा थोडा मागेच असतो, पुढे तो वाढतो. ओढून हाड वाढत नाही. तुम्ही बघायचं ते वेगळं : पिताना दमते का, उताणी असताना घरघर होते का, वजन वाढतंय का. हे ठीक असेल, तर लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवलं की पुरे.

प्रश्न : मुलगा जन्मल्यापासून एनआयसीयूत आहे. 'पिएर रोबाँ' असं निदान सांगितलंय, तोंडातली टाळूही दुभंगलेली आहे. त्याला पालथं झोपवतात, पण बाळाला उताणंच झोपवा असं सगळीकडे वाचलं. घरात ग्रहणाचा विषय निघतोय. (एक बाबा, जालना)

उत्तर : ग्रहणाचं आधी. बायकोने त्या दिवशी भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. घरात हे तुम्हीच ठणकावून सांगा, बाळंतिणीवर सोडू नका.

फ्रेंच दंतवैद्य पिएर रोबाँ यांनी १९२३ मध्ये या त्रासाचं वर्णन केलं. पोटात असताना जबडा खुरटला, की जिभेला जागा उरत नाही. ती वर, मागे अडकून राहते आणि टाळूच्या दोन बाजू मध्ये जुळत नाहीत. जन्मानंतर उताणं ठेवलं की तीच जीभ मागे पडून श्वास अडवते. पालथं केलं की पुढे येते. निरोगी बाळ उताणंच झोपवायचं हे खरं. तुमचं बाळ मात्र पालथं, तेही ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून.

एवढ्याने भागलं नाही तर नाकातून घशापर्यंत मऊ नळी घालतात. त्यानेही भागलं नाही तर जबड्याचं हाड कापून यंत्राने रोज एखाद-दोन मिलिमीटर सरकवतात, फटीत नवं हाड धरतं. टाळूची शस्त्रक्रिया सहसा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते.

टाळू उघडी असल्याने बाळाला दूध ओढता येत नाही. आईचं दूध काढून, दाबता येणाऱ्या बाटलीने, बाळाला उभं धरून पाजायचं. आडवं घेऊन बोंडल्याने ओतणं नको. डोळे आणि कानही तपासून घ्या, कारण काही मुलांत यामागे स्टिकलर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असतो आणि त्यात चष्म्याचा मोठा नंबर व पुढे डोळ्यातला पडदा सुटण्याचा धोका असतो. दुभंगलेल्या टाळूवरच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चौकशी करा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. तिसऱ्या वर्षी हनुवटीवर पडली होती. आता तोंड जेमतेम एक बोट उघडतं, हनुवटी खुजी राहिली, रात्री घोरते. (एक आई, बेळगाव)

उत्तर : यात वाट बघत थांबू नका. कानापुढचा जबड्याचा सांधा तेव्हा दुखावला असावा आणि हाड जुळताना सांधाच गोठला असावा. जबड्याची बरीच वाढ तिथूनच होते, म्हणून हनुवटीही मागे राहिली. मॅक्सिलोफेशियल सर्जनना, म्हणजे जबड्याच्या व चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते सीटी स्कॅन करतील. शस्त्रक्रियेने सांधा मोकळा होतो, पण नंतर तोंड उघडण्याचे व्यायाम कित्येक महिने करावे लागतात. दुखतं म्हणून मुलं ते टाळतात आणि सांधा पुन्हा आखडतो.

ऑपरेशन कुठलंही असो, अगदी टॉन्सिलचंही, भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. अशा मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, वरचे दात पुढे, हनुवटी मागे. अठरा पूर्ण होऊ द्यावेत का? (ठाणे)

उत्तर : नको. जबडा पुढे आणणारी काढ-घाल प्लेट उंची झपाट्याने वाढते त्याच काळात लागू पडते. या सुट्टीतच ऑर्थोडॉन्टिस्टकडे (वेडेवाकडे दात व जबडा जुळवणारे दंतवैद्य) न्या.