घरच्या पवनचक्कीची बॅटरी भरली की उरलेल्या विजेचं काय करावं? सोलारसारखी तार सोडून दिली तर चालेल का?

नाही चालणार. पॅनल मोकळं सोडलं तरी त्याला काही होत नाही. पवनचक्कीला मात्र बॅटरीचा भार हाच ब्रेक असतो. उरलेली वीज जाळावीच लागते.

आमचं शेत पाटण तालुक्यात, पठारावर. 1 किलोवॅटची चक्की, 24 व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या. बॅटरी भरल्यावर वीज वळवणारा कंट्रोलर होता, पण वळवून ती जाळायची कशात? मी म्हणत होतो रेझिस्टर आणू. दाजी म्हणाले, "पैसे कशाला घालवतोस? माझ्याकडं 2 किलोवॅटचा गीझर पडून आहे. फुकट गरम पाणी मिळेल." ते मोठे, शिवाय वायरिंगची कामं करणारे. मी गप्प बसलो.

गीझर 2 किलोवॅटचा असतो तो 230 व्होल्टवर. कॉइलचा रोध साधारण 26 ओहम, म्हणजे आपल्या 28.8 व्होल्टवर (24 ची बॅटरी भरत आली की व्होल्टेज एवढं चढतं) तो जेमतेम 31 वॅट खातो.

जुलैतल्या एका रात्री वारं चढलं. बॅटरीच्या खोलीत कुजक्या अंड्याचा वास, बुचांतून फसफस, डब्यांना हात लावला तर चटका. गीझरमधलं पाणी गारच. दाजींनी घाईत बॅटरीची तार काढली. भार सुटला आणि पाती शिट्टीसारखी ओरडायला लागली. थोड्याच वेळात एक पातं तुटून गोठ्याच्या पत्र्यातून आत आलं, म्हशीपासून दोन हातांवर. कंट्रोलर जळाला तो वेगळाच.

आजही दाजी म्हणतात, पातंच कच्चं होतं. त्याच चक्कीला तसलीच पाती बसवली, 0.8 ओहमचे दोन जाड रेझिस्टर समांतर जोडले, तिचे चार पावसाळे झाले. एका रेझिस्टरवर सुमारे 1 किलोवॅट जातो. दुसरा लागतोच, कारण वारं दुप्पट झालं की त्यातली ताकद आठपट होते. रेझिस्टर भिंतीपासून लांब, हवेशीर जागी लावा. गरम पाणी हवंच असेल तर 24 व्होल्टचंच कॉइल घ्या आणि रेझिस्टर तरीही ठेवा, टाकी रिकामी झाली की कॉइल जातं.

चक्की थांबवायची तर जनरेटरच्या तिन्ही तारा शॉर्ट करणारा स्विच बसवा, पण तो वारं चढायच्या आधी टाका. भर वाऱ्यात टाकलात तर वाइंडिंग जळू शकतं.

हे आकडे 24 व्होल्टचे, 48 ला हिशोब वेगळा. आणि लिथियम बॅटरी असेल तर जास्त जपा: भरली की तिचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) स्वतःच तार तोडतं, म्हणजे दाजींनी केलं तेच.