इंग्लंडमध्ये घरामागे गॅरेज-वर्कशॉप बांधायचंय? मग तपासणी घर घेण्याआधीच करा

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून कॉव्हेंट्रीला बदली होतेय, वर्षभरात तिथे घर घ्यायचंय आणि मागच्या अंगणात ६ बाय ४ मीटरचं वर्कशॉप बांधून जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायच्या आहेत, जमलं तर सुतारकामही. परवानगी लागते का?

बहुतेक घरांना अर्ज न करताच असं बांधकाम करता येतं. पण तुमचं घर त्या बहुतेकांत बसतं की नाही, हे खरेदीच्या कागदांत आणि अंगणाच्या रुंदीत आधीच ठरलेलं असतं. म्हणून हे सगळं घरं बघायला लागण्याआधी वाचा.

आपल्याकडे एफएसआय, साइड मार्जिन बघून प्लॅन पास करून घ्यायचा, ही सवय असते. इंग्लंडमध्ये २०१५ च्या सरकारी आदेशाने काही बांधकामांना सरसकट आगाऊ परवानगी देऊन ठेवली आहे. तिला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात, आणि अंगणातली शेड, गॅरेज, वर्कशॉप त्यातल्या क्लास ई मध्ये येतात. सगळ्या शर्ती पाळल्या तर कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, विचारावं लागत नाही. एक जरी मोडली तरी ही आगाऊ परवानगी गेली, आणि नियमबाह्य ठरतं ते पूर्ण बांधकाम, फक्त जादा वाढलेला भाग नव्हे.

शर्तींपैकी सगळ्यात जास्त अडवते ती उंची. इमारत एकमजली हवी. दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर असेल तर जास्तीत जास्त ४ मीटर, इतर कुठल्याही छपराला ३ मीटर. ईव्ह्‌ज, म्हणजे छपराची खालची कड, २.५ मीटरपेक्षा वर नको. आणि इमारतीचा कुठलाही भाग कुंपणापासून २ मीटरच्या आत आला, तर संपूर्ण इमारत २.५ मीटरच्या आत ठेवावी लागते. एकच कोपरा आत आला तरी तेच.

हे आकडे दिसतात त्यापेक्षा कडक आहेत. ईव्ह्‌जची उंची मोजतात ती बाहेरची भिंत छपराच्या वरच्या पृष्ठभागाला जिथे भेटेल तिथपर्यंत, म्हणजे छपराची जाडीसुद्धा त्यातच जाते. आता कुंपणालगतच्या सपाट छपराचा हिशेब करा. २५०० मिमीतून जमिनीवर आलेला स्लॅब १०० मिमी, तुळया, प्लाय आणि इन्सुलेशन मिळून छपराची जाडी साधारण ३०० मिमी, आणि पाणी वाहून जायला १:४० चा उतार द्यायचा तर ४ मीटर रुंदीला आणखी १०० मिमी. आत उरतात जेमतेम २ मीटर. त्यातच रोलर शटरचा गुंडाळा २०० मिमीच्या आसपास जागा खातो. मोटरसायकलची लिफ्ट यात बसेल. पुढेमागे कार उचलायची असेल तर हा पर्याय सोडून द्या. उंची जमिनीच्या नैसर्गिक पातळीपासून मोजतात, आणि जमीन उताराची असेल तर इमारतीलगतच्या सर्वात उंच भागापासून. उताराचं अंगण असेल तर खालच्या बाजूला त्यामुळे थोडी जास्त उंची पदरात पडते. पण भराव टाकून जमीन उचलायची आणि तिथून मोजायचं, हे चालत नाही.

यातून घर बघतानाच लक्षात ठेवायचा एक आकडा निघतो. ४ मीटर रुंदीच्या वर्कशॉपला दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर सोडायचे तर अंगणाची रुंदी किमान ८ मीटर हवी, आणि मागेही २ मीटर मोकळे हवेत. ओळीने चिकटून बांधलेल्या टेरेस घरांची अंगणं बहुधा एवढी रुंद नसतात. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एकाच बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर बघत असाल तर अंगणाची रुंदी टेपने मोजून घ्या, एजंटच्या फ्लोअर प्लॅनवर विसंबू नका.

बाकीच्या शर्ती सोप्या आहेत. घराच्या मुख्य दर्शनी भिंतीच्या पुढे काही बांधायचं नाही. मूळ घर वगळून उरलेल्या आवारापैकी सगळी बांधकामं मिळून निम्म्यापेक्षा जास्त जागा व्यापू नये. मूळ घर म्हणजे पहिल्यांदा बांधलं तेव्हाचं, आणि जुनं असेल तर १ जुलै १९४८ रोजी जसं होतं तसं. आधीच्या मालकाने केलेलं एक्स्टेन्शन आणि जुनी शेड दोन्ही या निम्म्यात धरतात. बाल्कनी नको, ३० सेंटिमीटरपेक्षा उंच ओटा नको. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) घराच्या बाजूला बांधायचं तर अर्ज लागतो, आणि लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतल्या घराच्या आवारात हा क्लास लागूच नाही. फ्लॅट आणि मेझनेटलाही (दोन मजली फ्लॅटलाही) नाही.

खरा धोका नव्या वसाहतींत आहे, आणि नोकरीसाठी येणारे आपले बरेच लोक नेमकी तीच घरं पसंत करतात. वसाहतीला मूळ परवानगी देताना कौन्सिल कधीकधी अटच घालते की इथल्या घरमालकांना क्लास ई मिळणार नाही. ती अट जाहिरातीत दिसत नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या प्लॅनिंग रजिस्टरमध्ये वसाहतीचा मूळ अर्ज शोधा, त्याची डिसिजन नोटिस उघडा आणि शेवटच्या अटींपर्यंत वाचा. सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, लेखी विचारा: ‘परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क काढून घेतले आहेत का? आर्टिकल ४ डिरेक्शन (ठरावीक भागात हे हक्क काढून घेणारा आदेश) लागू आहे का?’ स्वतःहून हे कोणी तपासेल असं गृहीत धरू नका. टायटल रजिस्टरमधले (मालकीच्या नोंदीतले) कव्हेनंट, म्हणजे मालमत्तेवरची बंधनं, हीही मागून घ्या. बिल्डरच्या संमतीशिवाय कुठलीही इमारत बांधणार नाही, असं बंधन त्यात असू शकतं, आणि कौन्सिलची परवानगी असली तरी ते बंधन सुटत नाही. ही उत्तरं कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होण्याआधी, म्हणजे खरेदीचा करार बंधनकारक होण्याआधी, हातात हवीत. एक्स्चेंजनंतर मागे फिरलात तर डिपॉझिट जाण्याची वेळ येते.

वापराचंही बंधन आहे. इमारत घराच्या उपभोगाला पूरक असली पाहिजे. स्वतःच्या मोटरसायकली, स्वतःचा छंद, यात अडचण नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करायला लागलात तर तो वापरबदल होतो. आईवडील आल्यावर तिथे झोपतील असा विचार असेल तर तोही आत्ताच सोडा. राहण्याची खोली पूरक वापरात बसत नाही, आणि झोपण्याची सोय केली की बिल्डिंग रेग्युलेशन्सची (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या आणि दर्जाच्या नियमांची) पुढे सांगितलेली सूटही जाते.

बिल्डिंग रेग्युलेशन्स हा स्वतंत्र विषय आहे. प्लॅनिंगमधून सुटलात म्हणजे यातून सुटलात असं नाही. आतलं क्षेत्रफळ १५ चौरस मीटरपेक्षा कमी असलेली, झोपण्याची सोय नसलेली सुटी इमारत मोकळी आहे. १५ ते ३० मध्ये सूट मिळते ती इमारत प्रत्येक हद्दीपासून किमान १ मीटर दूर असेल, किंवा मुख्यतः न जळणाऱ्या सामानाची असेल तर. तुमचं माप भिंती वजा जाता २० च्या वरच राहील. म्हणजे लाकडी वर्कशॉप कुंपणाला चिकटून बांधायचं तर बिल्डिंग कंट्रोलकडे (हे नियम तपासणाऱ्या यंत्रणेकडे) जावं लागेल. ब्लॉकच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असेल तर नाही. लाकडी चौकटीवर बाहेरून सिमेंट बोर्ड मारला म्हणजे काम भागलं, असं समजू नका. वीज कुठल्याच मापात सुटत नाही: घरातून नवीन सर्किट नेणं हे कळवण्याजोगं काम आहे. स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकणारा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन घ्या, तारेचं कवच असलेली आर्मर्ड केबल जमिनीखालून न्या, आणि कॉम्प्रेसर, टेबल सॉ यांचा लोड त्याला आधीच सांगा.

खोदण्याआधी मॅनहोलची झाकणं बघा. सार्वजनिक ड्रेन ३ मीटरच्या आत असेल तर पाणी कंपनीची संमती लागते. २०११ पासून शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या बहुतेक वाहिन्या सार्वजनिक झाल्या आहेत. शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत आणि तिच्या पायापेक्षा खोल खणणार असाल, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे एक महिना आधी नोटिस द्या.

गाडी रस्त्यावरून आत आणायची असेल तर फुटपाथची कड उतरवून घ्यावी लागते. तिला ड्रॉप्ड कर्ब म्हणतात आणि तिची मंजुरी हायवे विभाग देतो. घर ए, बी किंवा सी क्रमांकाच्या वर्गीकृत रस्त्यावर असेल तर त्यासाठी प्लॅनिंगचा अर्जही करावा लागतो. वर्कशॉप उभं राहिलं आणि कर्ब नाकारला गेला, अशी गत होऊ नये म्हणून हा अर्ज आधी टाका.

सगळं नियमांत बसलं तरी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला, काढाच. फी नेहमीच्या प्लॅनिंग अर्जाच्या निम्मी असते, निर्णयाची मुदत ८ आठवडे, आणि निकाल शेजाऱ्यांच्या मतावर नव्हे, फक्त नियमांवर लागतो. ब्लॉक प्लॅन (आवाराचा वरून दिसणारा नकाशा), चारही बाजूंचे उंचीसहित नकाशे आणि कुंपणापासूनची अंतरं आकड्यांत लिहून द्या. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर हाच कागद मागतो. २५ एप्रिल २०२४ पासून नियमबाह्य बांधकामावर कारवाईची मुदत ४ वर्षांवरून १० वर्षं झाली आहे, त्यामुळे ‘चार वर्षं गेली की सुटलो’ हा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. बदली ग्लासगो किंवा एडिनबरोला झाली तर नियम वेगळे आहेत, ते तिथल्या कौन्सिलकडून नव्याने तपासावे लागतील.