आधी शुगर, मग मॅच

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला आणि त्यातल्या एका वाक्यापाशी अडले. हॉस्टेलमध्ये रात्री साडेनऊला तुमची चौघांची स्क्वॉड मोबाइलवर गेम खेळायला बसते, मध्येच शुगर लो होऊन उठावे लागू नये म्हणून तू जेवणाआधीचे इन्सुलिन मुद्दाम कमी घेतोस, कधी कधी घेतच नाहीस, आणि शुगर अडीचशे-तीनशेवर ठेवून खेळतोस, असे तू लिहिले आहेस. त्याच्या पुढच्याच ओळीत तू विचारतोस की आई म्हणते तसे गेम खेळणे कायमचे सोडून देऊ का. तुझ्यासमोर हे दोनच रस्ते आहेत असे तू धरून चालला आहेस, आणि मला राग आला तो त्याचाच. टाइप वन मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, हे मी तुला समजावत बसणार नाही. ते तुला डॉक्टरांनी सांगितले आहे आणि तू ते नीट समजून घेतले आहेस, हे तुझ्या प्रश्नांवरून दिसते. मला सांगायचे आहे ते एवढेच: आधी शुगर, मग मॅच. मॅचच्या लॉबीत शिरण्याआधी दंडावरच्या सेन्सरने दिलेला शुगरचा आकडा आणि ती चढते की उतरते ते दाखवणारा बाण, दोन्ही पाहायचे, आणि मॅच चालू असताना शुगर उतरली तर त्याच क्षणी फोन खाली ठेवायचा. राउंड संपेपर्यंत थांबायचे नाही, शेवटचा झोन असला तरी थांबायचे नाही.

हे मी इतक्या हट्टाने का म्हणते, ते ऐक. शुगर ७० च्या खाली जाऊ लागते तेव्हा शरीर ॲड्रिनलिन सोडते. तळहाताला घाम येतो, छातीत धडधडते, हात थरथरतात, माणूस चिडतो. अटीतटीची मॅच चालू असतानाही नेमके हेच होते. रस्त्याने चालताना किंवा वर्गात बसल्या जागी जी लक्षणे तू सहज ओळखशील, ती खेळताना तुला खेळाचीच वाटतील. आकडा ५४ च्या खाली गेला की मेंदूला इंधन कमी पडते, निर्णय घ्यायला वेळ लागू लागतो, आणि ज्याने धोका ओळखायचा तो मेंदूच मंदावलेला असतो. ‘एवढी मॅच संपली की बघतो’ हे वाक्य अशा वेळी अगदी शहाणपणाचे वाटते. म्हणून नियम आधी करून ठेवायचा असतो, कारण त्या क्षणी तो नव्याने सुचत नाही.

आता तुझ्या युक्तीबद्दल. शुगर चढलेली असली की लो होण्याची भीती नाही, हे गणित वरवर बरोबर दिसते. पण चढलेल्या शुगरमध्येही अनेकांच्या विचारांचा वेग मंदावतो, डोळ्यांपुढे धूसर होते, सारखी तहान लागते आणि लघवीला उठावे लागते. म्हणजे ज्यासाठी तू हे करतोस तो खेळसुद्धा त्यात बिघडतो. आणि इन्सुलिन नुसते कमी न घेता टाळत गेलास तर रक्तात कीटोन नावाची घातक आम्ले तयार होतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली तर सरळ रुग्णालय गाठायचे असते, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तू हे करतोस, म्हणून मी इतक्या कठोरपणे लिहिते आहे. खेळात तुझ्या पात्राला गोळी लागली तर तू भिंतीआड जातोस, पट्टी बांधतोस आणि मगच पुन्हा बाहेर पडतोस. तुझा एकही मित्र त्यावर तक्रार करत नाही. स्वतःच्या शरीरासाठी तेवढाच वेळ मागायला तुला संकोच का वाटतो?

मागायचा वेळही फार मोठा नसतो. शुगर उतरली की १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पिणे, किंवा चहाचे तीन चमचे साखर, किंवा साधारण १५० मिली साधा कोला. मग १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासणे, आणि अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा घेणे. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटे या कामाची नाहीत, कारण त्यांतल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. कोला घेताना डबा वाचून घे. शुगर-फ्री असेल तर त्याचा काही उपयोग नाही. हे सामान खाली कॅन्टीनमध्ये किंवा कपाटात ठेवू नकोस. जिथे बसून खेळतोस तिथे, हाताच्या अंतरावर ठेव. लो झालेल्या माणसाला जिना उतरायला लावणे हा चुकीचा बेत आहे.

फोनबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझा खेळ आणि तुझा अलार्म एकाच यंत्रात आहेत. फोनमधला गेम मोड कॉल आणि मेसेज अडवतो, आणि सेटिंग नीट केलेले नसेल तर सेन्सरच्या ॲपचा इशाराही अडवू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच विषयावर जाहीर सूचना काढली होती: फोनच्या सेटिंगमुळे, सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यामुळे किंवा नवे ब्लूटूथ हेडफोन जोडल्यामुळे मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते. तेव्हा आजच, खेळायला बसण्याआधी, गेम मोड चालू करून आणि हेडफोन लावून तुझा अलार्म खरोखर ऐकू येतो का, ते पाहा. येत नसेल तर त्या ॲपला गेम मोडमधून सूट दे, किंवा सेन्सरच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर विचार. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. शुगर झपाट्याने उतरत असेल तर खरी शुगर दिसते त्याहून कमी असू शकते. आणि तू लिहिले आहेस की गादीवर कुशीवर पडून खेळताना सेन्सर खोटेच ‘लो’ दाखवतो. तो बिघडलेला नाही. सेन्सरच्या हातावर तुझा भार पडला की तिथला द्रव दबतो आणि आकडा खाली दिसतो. दुसऱ्या कुशीवर वळ, आणि शंका असेल तेव्हा बोट टोचून बघ.

उलटेही घडते. चुरशीच्या मॅचमध्ये काही न खाताही शुगर चढते, कारण ॲड्रिनलिन यकृतातली साखर बाहेर काढते. मॅच संपल्यावर २३० पाहून घाबरून लगेच मोठा डोस घेऊ नकोस. उत्तेजना ओसरली की ती पुष्कळदा आपोआप उतरते, आणि जेवणाच्या वेळी घेतलेले इन्सुलिनही तीन ते पाच तास काम करत असते. त्यावर दुसरा डोस चढवला की मध्यरात्री लो होण्याची वेळ येते, आणि त्या वेळी हॉस्टेलमध्ये कोणी जागे नसते. बेसलची, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनची, वेळ तुझी रात्री दहाची आहे, म्हणजे ऐन खेळाची. ती विसरली जाणारच. डॉक्टरांना विचारून ती आठवर आण. जेवणाचा डोस, करेक्शन म्हणजे चढलेली शुगर उतरवण्याचा डोस, खेळण्याआधी शुगर किती असावी, हे सगळे आकडे त्यांच्यासोबत बसून ठरव, आणि तू काय करत होतास ते त्यांना खरे सांग. ते रागावले तर रागावू देत.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर लिहायला बसले, ती. तू फुल बाह्यांचे शर्ट घालतोस आणि स्क्वॉडमधल्या एकालाही काही माहीत नाही, हे वाचून मला माझे लहानपण आठवले. मला हा आजार सांगलीत, शाळेत असताना झाला. काचेची सिरिंज आई पातेल्यात उकळायची आणि शुगर मोजायला घरात ग्लुकोमीटर नव्हता. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचे आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहायचे. तो रंगही काही तासांपूर्वीची हकिगत सांगायचा. पण या सगळ्यापेक्षा जड होते ते घरातले बजावणे: मुलीचे लग्न जमेपर्यंत हे कोणाला कळता कामा नये. सुट्टीत मामाकडे गेले की इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे लपवलेली असायची. टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या खेळावर आम्ही मामेभावंडे जोडीने ‘काँट्रा’ खेळायचो, आणि माझे हात थरथरू लागले की मी ‘कंटाळा आला’ म्हणून उठून स्वयंपाकघरात जाऊन साखर खायचे. हरायला लागले की ही उठून जाते, असे त्यांना वाटायचे. एका मामेभावाला ते अगदी परवापर्यंत वाटत होते, आणि ते ऐकून मला या वयातही रडू आले. ज्यांच्यासोबत खेळताना मी सगळ्यात आनंदात असायचे, त्यांनाच मी कशी आहे हे कधी कळले नाही. माझी ती वर्षे परत मिळणार नाहीत. तुझी मात्र तू अजून वाया घालवू नकोस, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे मला सांगू नकोस, ते मी तुझ्यापेक्षा फार जास्त ऐकले आहे.

अलेक्झांडर झ्वेरेव्ह हा टेनिसपटू लहानपणापासून टाइप वन आहे आणि तो हे जाहीरपणे बोलला २०२२ मध्ये, जगातल्या अव्वल खेळाडूंमध्ये पोहोचल्यावर. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला सांगण्यात आले की कोर्टवर इन्सुलिन टोचू नये, त्यासाठी बाहेर जावे. त्याने ते पत्रकारांसमोर सांगितले, आणि कोर्टवर टोचण्याची मुभा मिळवली. पुढच्या वर्षी तो त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता. हजारो प्रेक्षकांसमोर खुर्चीत बसून तो पोटात सुई घेतो, आणि तू तीन मित्रांपासून दंडावरचा सेन्सर लपवतोस.

त्यांना दोन वाक्यांत सांग: शुगर उतरली तर मी मॅच सोडेन आणि पंधरा मिनिटांनी परत येईन, आणि मी कधी असंबद्ध बोलू लागलो तर मला साखर द्या, बेशुद्ध पडलो तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. रँक घसरली म्हणून त्यांच्यातला कोणी चिडला तर चिडू दे. आधी शुगर, मग मॅच, हे त्यांनाही पाठ होऊ दे. ज्या दिवशी शुगर सकाळपासूनच वरखाली होत असेल त्या दिवशी ऑनलाइन खेळूच नकोस. एकट्याने खेळायचा, कुठेही थांबवता येईल असा खेळ काढ. माझ्या काळी स्टार्टचे बटण दाबले की सगळे जागच्या जागी थांबायचे, आणि त्या एका बटणाचे मोल मला आजही वाटते.

आईच्या म्हणण्याबद्दल. तिची भीती खरी आहे, तिचा उपाय मला मान्य नाही. पन्नाशीची बाई संध्याकाळी मोबाइलवर गाड्या पळवते, कोडी सोडवते, हे माझ्या घरातही अनेकांना रुचत नाही. मला ज्यांनी ज्यांनी काही सोडायला सांगितले, त्यांची यादी मोठी आहे: गोड, सहली, पोहणे, नोकरीतली बदली, आणि शेवटी हे खेळ. सगळे सोडत गेले असते तर मी आज फक्त एक आजारी बाई उरले असते. दिवसभर कार्ब्स मोजणाऱ्या मेंदूला दुसरे काहीतरी मोजायला मिळते, त्याला विश्रांती म्हणतात, आणि ती मी कोणाची परवानगी घेऊन घेत नाही. खेळ आणि हा आजार एकमेकांचे शत्रू आहेत असेही नाही. १९९५ साली ‘पॅकी अँड मार्लन’ नावाचा एक व्हिडिओ गेम निघाला. त्यातल्या दोन हत्तींना मधुमेह असतो, आणि त्यांची शुगर सांभाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १६ वयाच्या ५९ मुलांपैकी काहींना सहा महिने हा गेम दिला होता आणि बाकीच्यांना साधा पिनबॉलचा. हत्तींचा गेम खेळलेल्या मुलांच्या मधुमेहासाठी डॉक्टरांकडे तातडीने धावण्याच्या फेऱ्या ७७ टक्क्यांनी कमी झाल्या. ग्लुकोमीटर सतत हरवणारा पण गेम बॉय हे हातात धरून खेळायचे यंत्र कधीही न हरवणारा मुलगा पाहून एका बापाने गेम बॉयलाच जोडता येईल असा ‘ग्लुकोबॉय’ मीटर काढला. त्या बापाने मुलाच्या हातातला गेम काढून घेतला नाही. हे सगळे तुझ्या आईला वाचून दाखव, पण त्याआधी तिला तुझा गेल्या आठवड्याचा सेन्सरचा आलेख दाखव. ७० ते १८० च्या मध्ये तू दिवसाचा ७० टक्के वेळ राहू लागलास, तर तिच्याशी वाद घालायची गरज फारशी उरणार नाही. आणि रात्री साडेनऊ ते साडेबारा तुझी रेघ तीनशेवर असेल, तर मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

पुढच्या रविवारी तो आलेख मला पाठव. जेवणाचा डोस पूर्ण घेऊन खेळलेल्या रात्रींचा पाठव, आणि मध्ये उठावे लागले असेल तर कुठे उठलास तेही लिही.

तुझी,
मावशी

ता. क. इन्सुलिनचे पेन विसरलास म्हणून मेडिकलमधून बाटली आणि सिरिंज आणलीस, असे शेवटी ओझरते लिहिले आहेस. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीला ४० युनिटचे असते आणि पेनच्या काडतुसातले १०० चे. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे फोटो काढून आज रात्रीच मला पाठव. तोवर त्या सिरिंजने डोस घेऊ नकोस, पेन मागवून घे.