आधी नोंदणी, मग पुतण्या

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना 2018 साली गेली. तिच्या प्रथम पुण्यस्मरणाला तिच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करायचं ठरलं. नातेवाईक, तिच्या मैत्रिणी, माझे सहकारी अशा सगळ्यांचे मिळून 8 लाख 40 हजार जमले. पैशाचे व्यवहार थोरले बंधू बघायचे, म्हणून त्यांच्या नावावर एका सहकारी बँकेत मुदत ठेव केली. व्याजातून दरवर्षी राधानगरी तालुक्यातल्या दोन-तीन मुलींची फी भरत होतो. गेल्या वर्षी बंधू वारले. ठेवीवर नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव आहे. तो म्हणतो, पैसे बाबांच्या नावावर आहेत, आमच्यातली वाटणी झाली की बघू. ट्रस्ट केलेला नाही. एका परिचितांनी नोटिशीचा मसुदा करून दिलाय, तो सोबत जोडतो. पोलिसांत जावं की कोर्टात?
*(एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर : नावं बदलली तर हेच पत्र मला कागलहून, गडहिंग्लजहून, जयसिंगपूरहून आलेलं आहे. कुठं मुलगा अपघातात गेलेला असतो, कुठं भाची आजारात. पैसे दहा जणांनी घातलेले असतात आणि ठेवलेले असतात घरातल्या 'व्यवहार बघणाऱ्या' माणसाच्या नावावर. त्या माणसाचा हेतू चांगलाच असतो. तो अमर नसतो, एवढंच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तुम्हाला एव्हाना चार जणांनी सांगितलं असेल. बरोबर आहे ते. बँक नॉमिनीला रक्कम देऊन मोकळी होते, पण मालकी त्यावरून ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली बँकेतल्या ठेवींबाबत स्पष्ट केलंय. तुमचं घोडं तिथं अडलेलं नाहीच. ते अडलंय 'ट्रस्ट केलेला नाही' या तुमच्या वाक्यापाशी, जे तुम्ही पत्रात जाता जाता लिहून टाकलंय.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, कलम 31. नोंदणी न झालेल्या सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, वतीनं हक्क बजावायला केलेला दावा कुठल्याही न्यायालयानं ऐकायचा नाही आणि त्यावर निकालही द्यायचा नाही. दावाच कशाला, त्याच हेतूनं केलेली इतर कार्यवाहीसुद्धा त्यात येते. तुमची बाजू सोळा आणे खरी असली, पुतण्यानं सगळं कबूल केलं असलं, तरी समोरचा वकील उठून एवढंच विचारणार : नोंदणी क्रमांक सांगा.

तुम्ही म्हणाल, आम्ही ट्रस्ट केलाच नाही तर नोंदणी कशाची? इथंच गल्लत आहे. सार्वजनिक न्यास व्हायला न्यासपत्र लागतंच असं नाही. तुम्ही पाठवलेली पुण्यस्मरणाची पत्रिका बघा. पुढच्या बाजूला लेकीचा फोटो आणि कार्यक्रमाची वेळ, मागच्या बाजूला चौकटीत चार ओळी : राधानगरी तालुक्यातील गरजू मुलींना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी दरवर्षी शिष्यवृत्ती देण्याचा संकल्प आहे, इच्छुकांनी देणगी अमुक खात्यावर जमा करावी. हेतू शिक्षणाचा. लाभार्थी घरातले नाहीत, ठरावीक नावाचे नाहीत, तालुक्यातली कुठलीही गरजू मुलगी. पैसे कुणाकडे द्यायचे तेही छापलेलं. माझ्या मते त्या चार ओळी वाचून लोकांनी पैसे घातले तेव्हाच सार्वजनिक न्यास उभा राहिला आणि तुमचे बंधू विश्वस्त झाले. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, ही गोष्ट वेगळी. शिष्यवृत्ती फक्त भावकीतल्या मुलांना असती तर उत्तर वेगळं झालं असतं.

आणि न्यास उभा राहिला की तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, कलम 18. तुमचे तीन महिने 2019 मध्येच संपले. त्यानंतर तुम्ही दरवर्षी कार्यक्रम घेतलात, हार-तुरे आणले, मुलींचे सत्कार केलेत, वर्तमानपत्रात फोटो छापून आणलात. त्यातल्या एका वर्षी जरी धर्मादाय कार्यालयाची पायरी चढला असतात तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. वर्गणी काढायलासुद्धा परवानगी लागते. गणपतीआधी पेठेतल्या मंडळांची पोरं कलम 41 क खाली ती काढतात, त्यांना ते बरोबर माहीत असतं. शिकल्या-सवरलेल्या माणसांनाच माहीत नसतं.

असो. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. अर्ज उशिरा करता येतो. विलंबाचं कारण द्यावं लागेल, दंडाची तरतूदही आहे, पण नोंदणी नाकारायला तेवढं कारण सहसा पुरत नाही. आणि या अर्जात तुमचा दुहेरी फायदा आहे, जो तुमच्या परिचितांच्या लक्षात आलेला दिसत नाही. कलम 19 खालच्या चौकशीत दोन गोष्टी तपासल्या जातात : असा न्यास आहे का आणि तो सार्वजनिक आहे का, दुसरं, अमुक मालमत्ता त्या न्यासाची आहे का. म्हणजे ठेव कुणाची, हा तुमचा खरा प्रश्न तिथंच निघतो. या कायद्यानं धर्मादाय अधिकाऱ्यांकडे सोपवलेले प्रश्न दिवाणी कोर्टानं हाती घ्यायचे नाहीत, असं कलम 80 सांगतं. तेव्हा कसबा बावड्यातल्या कोर्टात दावा टाकून तारखा मोजत बसण्याआधी हा अर्ज करा. त्यात ठेवीच्या पावतीचा क्रमांक, रक्कम, बँकेची शाखा मालमत्ता म्हणून स्पष्ट लिहा. नुसतं 'रोख व ठेवी' असं मोघम लिहू नका.

चौकशी किती दिवस चालेल? पुतण्यानं हरकत घेतली नाही तर लवकर आटोपेल. घेतली तर साक्षी, उलटतपासणी, निकाल, मग कलम 70 चं अपील, मग कलम 72 खाली जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्यामुळं फायली घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची यातायात गेली. फायलीच्या चालीबद्दल मात्र मी कुणाला शब्द देत नाही. तोवर ठेवीची मुदत संपून पुतण्या रक्कम उचलेल ही भीती खरी आहे. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. पण मनाई हुकूम नसताना बँक नुसत्या पत्रावर थांबेलच असं नाही. अगदीच निकड आली तर दावा दाखल करून ठेवता येतो. कलम 31 ची अडचण आहे ती ऐकण्याला आणि निकालाला, दाखल करण्याला नाही. नोंदणीआधी अंतरिम मनाई मिळेल का, यावर मी पैज लावणार नाही.

आता तो नोटिशीचा मसुदा. परिच्छेद 3 मध्ये लिहिलंय : 'सदर रक्कम आमचे अशिलांनी आपले वडिलांना विश्वासाने हातउसनी दिली होती.' हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, मला कळत नाही. हातउसन्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. पैसे दिलेत 2019 ला. कोविडकाळाची जी सूट सर्वोच्च न्यायालयानं दिली होती, 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022, ती सगळी धरली तरी मुदत केव्हाच उलटली. म्हणजे ही नोटीस गेली की पुतण्याचा वकील एका ओळीत उत्तर देणार : मुदतबाह्य.

उलट, विशिष्ट हेतूसाठी विश्वस्त म्हणून ज्याच्या हाती मालमत्ता आली त्याच्याविरुद्ध, आणि त्याच्या वारसांविरुद्धही, ती परत मिळवायच्या दाव्याला मुदतच नाही. मुदतीचा कायदा 1963, कलम 10. तुमची सगळी मदार या कलमावर आहे, आणि ते तुमच्या बाजूनं उभं राहतं ते पैसे न्यासाचे म्हटलेत तरच. 'माझे पैसे' म्हटलेत की ते गेलं. तुम्ही स्वतः घातलेले दोन लाखसुद्धा आता तुमचे नाहीत, ते त्या मुलींसाठी दिलेले आहेत. नोटिशीत, अर्जात, जबाबात, अगदी भावकीच्या बैठकीतसुद्धा हेच आणि एवढंच बोला.

पुतण्याकडे एक बरा पुरावा आहे, तो तुम्ही गृहीत धरलेला नाही. ठेवीवरचं व्याज इतकी वर्षं बंधूंच्या पॅनवर दिसतंय, टीडीएस त्यांच्या नावानं कापला गेलाय, विवरणपत्रात ते त्यांचं उत्पन्न म्हणून गेलंय. तो म्हणणार, बघा, बाबा स्वतःच आपलं मानत होते. त्याला उत्तर तुमच्या डायरीत आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं ते पान : तारीख, मुलीचं नाव, कॉलेज, 'फी 12,000', खाली तिची सही आणि शेजारी तिच्या आईचा अंगठा. अशी जेवढी पानं असतील तेवढी काढा आणि प्रत्येकासमोर बंधूंच्या पासबुकातली रक्कम काढल्याची नोंद लावा. व्याज जमा झालं, त्याच आठवड्यात तेवढीच रक्कम निघाली आणि फीच्या पावतीवर पोचली, असं चार-पाच वर्षांचं दिसलं तर विवरणपत्राचं वजन बरंच कमी होतं. त्या मुलींपैकी दोघींची प्रतिज्ञापत्रं घ्या. देणगीदारांपैकीही, नात्यातले नसलेले.

पोलीस तक्रारीची घाई नको. ज्यांच्यावर विश्वास टाकला ते हयात नाहीत. पुतण्याच्या हवाली तुम्ही काही केलेलं नव्हतं. सगळं कळूनही त्यानं रक्कम उचलून स्वतःसाठी वापरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316, म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा, लागू शकेल, पण आज तक्रार दिलीत तर 'दिवाणी बाब आहे' असं ऐकून परत याल आणि घरातली उरलीसुरली बोलाचालीही बंद होईल.

त्यापेक्षा एक करा. पुतण्याला विश्वस्त करून घ्या. हसू नका. तुमच्या पत्रावरून तो लबाड वाटत नाही, बिथरलेला वाटतो; त्याच्या आईलाही वाटत असणार की दिरानं सगळंच नेलं. बंधूंनी सहा वर्षं हा निधी नीट सांभाळला, हे त्यांच्या घरासमोर मोठ्यानं मान्य करा. मग त्याच्याकडून एक साधं पत्र घ्या : ही ठेव माझ्या वडिलांनी शिष्यवृत्तीच्या कामासाठी विश्वस्त म्हणून धारण केली होती, आमच्या कुटुंबाचा त्यावर वैयक्तिक हक्क नाही. खाली त्याची, आईची, बहिणींची सही, तारीख, दोन साक्षीदार. पाचशेच्या स्टँपपेपरची हौस असेल तर भागवा, पण त्या पत्राला वजन आहे ते सह्यांचं. एवढं हाती आलं तर कलम 19 ची चौकशी पुष्कळ सोपी होते.

बाकीचं थोडक्यात. नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात 50 हजारांवर रक्कम वैयक्तिक खात्यात आली तर तिच्यावर आयकराचा प्रश्न येतो. बंधूंच्या बाबतीत तो कितपत निघेल हे सीए सांगेल; 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, तेव्हा जुने कलम क्रमांक घेऊन त्याच्याकडे जाऊ नका. लेकीच्या अमेरिकेतल्या मैत्रिणीनं पाठवलेले पैसे : तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर काळजी नाही, नागरिकत्व बदललं असेल तर परकीय देणगीचा कायदा आडवा येऊ शकतो, तेही सीएला सांगा. आणि साडेआठ लाखांच्या आसपासची रक्कम एकाच बँकेत एकाच नावावर ठेवू नये. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच आहे, आणि त्यात बंधूंच्या स्वतःच्या ठेवीही मोजल्या जातात. जास्त व्याजाच्या मोहानं पतसंस्थेत तर मुळीच नको. तिथं हा विमाच नाही, आणि न्यासाचा पैसा कुठं ठेवायचा हे कलम 35 नं ठरवून दिलंय.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारते : हा ट्रस्ट तुमच्यानंतर कोण चालवणार? सात टक्के धरले तर वर्षाला साठ हजारांच्या आत व्याज. त्यासाठी दरवर्षी हिशेब, त्यांची तपासणी, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. शाहू महाराजांच्या काळात, 1901 पासून, या गावात विद्यार्थ्यांची बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, उभी राहिली. त्यातली कित्येक आजही चालू आहेत ती संस्था म्हणून, कुणाच्या पासबुकावर नाही. नोंदणी होऊन रक्कम हाती आली की मुलीच्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला कायम निधी म्हणून ती देता येईल का, याचा विचार करा. न्यासाची रक्कम असल्यानं धर्मादाय कार्यालयाला विचारूनच. दिलीत तर संस्थेचा लेखी ठराव घ्या : मुद्दल मोडायचं नाही, खातं स्वतंत्र, नाव बदलायचं नाही, आणि एखाद्या वर्षी राधानगरीतून अर्जच आला नाही तर शेजारच्या तालुक्यातल्या मुलीला द्यायचं. ही शेवटची अट माणसं विसरतात आणि निधी पडून राहतो. 90 टक्क्यांची अट मात्र घालू नका. 90 टक्केवाल्यांना देणारे खूप आहेत.

तो मसुदा पोस्टात टाकला नसेल तर फाडून टाका. टाकला असेल तर ताबडतोब कळवा. दुरुस्तीची नोटीस पहिल्या नोटिशीचं उत्तर येण्याआधी गेली पाहिजे. भेटायला येताना पत्रिकेची मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको.