दोरी किती दिवस घट्ट धरणार?

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे, परीक्षेची तयारी करतोय. सामुराई योद्ध्यांबद्दल मिळेल ते वाचतो. त्यांच्यासारखं कणखर व्हायचं म्हणून पहाटे चारला उठणं, गार पाण्यानं अंघोळ, दोनशे जोर, मोबाईल बंद असे नियम केले. काही दिवस सगळं जमतं, मग एक दिवस चुकतो आणि सगळंच ढासळतं. चुकलो की शिक्षा म्हणून त्या दिवशी जेवत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? तुम्ही केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, करता म्हणून विचारतो, तलवारबाजी शिकलो तर मन घट्ट होईल का?
— एक वाचक

उत्तर : आधी जेवणाचं बोलू. ही शिक्षा आजपासून बंद कर. मियामोतो मुसाशी या नामवंत जपानी तलवारबाजानं 1645 मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, स्वतःसाठी 21 ओळी लिहून ठेवल्या. त्यात चमचमीत खाण्याची ओढ ठेवू नये असं आहे. चुकलं तर उपाशी राहावं असं कुठेही नाही. उलट आपण केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करत बसणार नाही, अशी एक ओळ त्यातच आहे. तू नेमका तोच पश्चात्ताप रोज पोटाला भोगायला लावतोयस. स्वतःला शिक्षा करण्याची ही ओढ आवरतच नसेल, तर घरातल्या कुणाला तरी सांग आणि डॉक्टरांना भेट. त्यात कमीपणा काही नाही.

आता इच्छाशक्तीचं. तुझ्या पत्रावरून मला ती कमी वाटत नाही. इतके कडक नियम एकदम सुरू करून काही दिवस पाळणारा माणूस दुबळा नसतो. तुझं अडतंय ते चुकल्यानंतरच्या तासात. याबद्दल मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं लिखाण कुठल्याही योद्ध्याचं नाही, झेन भिक्षू ताकुआन सोहो यांचं आहे. तोकुगावा शोगुनांना, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांना, तलवार शिकवणाऱ्या याग्यू मुनेनोरींना त्यांनी लिहिलं, की समोरच्याच्या तलवारीवर मन थांबलं तर तू कापला जाशील. स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी तेच. सहस्र हातांच्या कान्नोन देवीचं मन एका हातापाशी अडकलं, तर उरलेले 999 हात निकामी. मन अचल असावं म्हणजे दगडासारखं असावं असं ते म्हणत नाहीत. ते कुठेही अडकू नये, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगतात. तुझं मन सकाळच्या चुकलेल्या गजरापाशी अडकतं आणि दिवसाचे उरलेले सगळे हात लुळे पडतात.

त्याच लिखाणात एक मांजर आहे. ते चिमणी पकडतं म्हणून मालक दोरी आखडून धरतो. ताकुआन म्हणतात, सुरुवातीला अशी दोरी लागते. पण ती कायम ताणून धरली तर मांजराला मोकळं हिंडताच येणार नाही. त्याला असं वळण लावावं, की सोडलं तरी ते चिमणीला धरणार नाही. तुझे चार नियम म्हणजे चार दोऱ्या, आणि चारही एकाच दिवशी आवळलेल्या. वळण लागायला वेळच कुठे मिळाला?

तू कदाचित 'सामुराईचा मार्ग म्हणजे मृत्यू' हे वाक्यही वाचलं असशील. ते यामामोतो त्सुनेतोमोचं. हा माणूस आयुष्यात एकाही लढाईत उतरला नाही. 1700 मध्ये त्याचा धनी वारला. धन्यामागे जीव देण्याची प्रथा तेव्हा बंद झाली होती, म्हणून तो भिक्षू झाला, आणि पुढे त्यानं सांगितलेलं दुसऱ्यानं लिहून घेतलं. त्या वाक्याला हसावं असं मी म्हणत नाही, पण रोजच्या अभ्यासाचं वेळापत्रक त्यावर बांधू नये. 1603 पासून 1868 पर्यंतच्या एदो काळात बहुतेक वर्षं शांततेचीच होती. कितीतरी सामुराई कचेरीत हिशेब लिहीत, तांदळात पगार घेत. त्यांची शिस्त बरीचशी वेळेवर हजर राहण्याची आणि तेच काम उद्या पुन्हा नीट करण्याची होती. मला ती रणांगणाइतकीच कठीण वाटते.

मुसाशीचा हिशेब बघ. हजार दिवसांचा सराव म्हणजे घडवणं, दहा हजार दिवसांचा म्हणजे घोटणं. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त! त्यात एक सकाळ चुकली तर काय बिघडलं?

म्हणून तू असं कर. चारांच्या जागी एकच नवा नियम ठेव, आणि तो पहाटे चारचा नको. परीक्षा आहे, झोप पुरी हवी. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास अभ्यास, एवढंच. सुरू करण्याआधी ताठ बसून काही श्वास घे; संपल्यावर पुस्तक मिटून जागा आवरूनच ऊठ. डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, आम्ही असंच करतो. सरावाआधी बांबूच्या तलवारीच्या चारही पट्ट्यांवरून बोट फिरवून कुठे कुसळ निघालंय का बघायचं, आणि सराव संपला की वंदन केल्याशिवाय निघायचं नाही. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेवढाच अर्धा तास. दुप्पट करून भरपाई अजिबात करायची नाही. जोर आणि गार पाणी आवडत असेल तर कर, पण त्यांना कसोटी बनवू नकोस.

केंदोमध्ये नुसता वार बसला म्हणून गुण मिळत नाही. वारानंतरही सावध राहून प्रतिस्पर्ध्याकडे लक्ष हवं, त्याला झानशिन म्हणतात. आनंदानं मूठ उंचावली तर मिळालेला गुणही काढून घेतला जाऊ शकतो. आणि वार हुकला म्हणून चेहरा पाडणाऱ्याला पुढचा वार डोक्यावर बसतो, हे मी समोरून पाहिलंय. हुकल्यावर लगेच उभं राहायला शरीर शिकतं, तेव्हा मनही हळूहळू शिकतं. माझ्या बाबतीत तरी तलवारीनं दिलं ते हे.

तेव्हा शिकायचं असेल तर जरूर शीक, पण परीक्षा झाल्यावर. आधी एक दिवस नुसता बसून वर्ग बघ. सगळ्यात कच्च्या शिष्याशी गुरू कसे वागतात तिकडे लक्ष दे. ते त्याचा अपमान करत असतील तर दुसरा वर्ग शोध. चांगल्या वर्गातही तुला लगेच चिलखत मिळणार नाही. आधी बरेच दिवस पाय घासत पुढे-मागे जाणं आणि हवेत वार करणं, एवढंच असेल. कंटाळा येईल. त्या कंटाळ्याला तयार असलास तर नाव घाल.