स्लीव्ह सर्जरीनंतर व्हिटॅमिनच्या गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या? रोज मासे आणि नाचणी खाऊन भागत नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३२, गुहागरजवळ राहता, पाच महिन्यांपूर्वी मुंबईत स्लीव्ह (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढतात ते ऑपरेशन) झाली, २३ किलो उतरले. तब्येत छान, फक्त केस गळतायत आणि गोळ्यांनी मळमळतं. घरचे म्हणतात वजन उतरलं, आता गोळ्या कशाला, घरात ताजे मासे आहेत, नाचणी आहे. तर बंद करू का?

बंद करू नका. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. डोस कमीजास्त होईल, एखादी गोळी बदलेल, पण डबा घरातून जाणार नाही. मला हे ऑपरेशनच्या आधी कोणीतरी इतक्या सरळ शब्दांत सांगायला हवं होतं.

मी कुडाळकडची. सहा वर्षांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास झाली, म्हणजे जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळतात ते ऑपरेशन. पहिलं वर्ष मी एकही गोळी चुकवली नाही. पण हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर लोहाच्या गोळीपुढे १-०-१ आणि कॅल्शियमच्या गोळीपुढेही १-०-१. मग मी काय करायचे? सकाळी सगळ्या तळहातावर घ्यायच्या, एका घोटात गिळायच्या आणि वर लगेच चहा. लोह आणि कॅल्शियम एकत्र गेले की कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोह बांधून टाकतं. लोह आणि कॅल्शियम यांच्यामध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं असतं. ते एक वाक्य त्या कागदावर असतं तर माझं एक वर्ष वाया गेलं नसतं.

दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "आता बारीक झालंस मां, मगे गोळये कित्याक खातंस? बांगडे खा." मलाही ते पटलं. हळूहळू गोळ्या सुटल्या.

सहा-आठ महिने काहीच झालं नाही. म्हणूनच माणूस फसतो. मग पाखाडी चढताना धाप लागायला लागली. रस्त्यापासून घरापर्यंत चाळीसेक पायऱ्या, त्या मी दोनदा थांबून चढायचे. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या, नंतर हातांच्या. मी समजले, पावसाळा आहे, सांधे आखडले असतील. गणपती गेल्यानंतर एक दिवस मागीलदारी विळी घेऊन तारल्या साफ करत बसले होते. पातेल्यातलं पाणी जरा जास्तच लाल दिसलं म्हणून हात वर काढला, तर बोटाला चांगलं अर्धा इंच कापलेलं. कापलेलं मला कळलंच नव्हतं. त्या दिवशी मी घाबरले. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ५, आणि बी१२ तर तळालाच गेलेलं. लोह शिरेतून द्यावं लागलं, बी१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागली. धाप महिन्या-दीड महिन्यात गेली. बोटांची बधिरता जायला वर्ष लागलं, आणि डाव्या पायाच्या अंगठ्यात ती अजून थोडी आहे.

आणि हे सगळं आठवड्यातून तीन-चार वेळा बांगडा-तारली खाणाऱ्या बाईला झालं. बी१२ साठी हे मासे उत्तमच. पण माशातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं, सुटल्यावर त्याला जठरातच तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा सोबती लागतो, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटी शोषली जाते. तुमच्या स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकलेला आहे, आणि आम्ल नि हा सोबती बनवणाऱ्या पेशी बऱ्याचशा त्याच भागात असतात. ताटात काय आहे आणि रक्तात काय पोचतं, हे आपल्यासारख्यांचे दोन वेगळे हिशोब झालेत. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, तरी गोळी १००० मायक्रोग्रॅमची का देतात, हेही यातच आलं. त्या सोबत्याशिवाय जेमतेम एक टक्का आत झिरपतो, तेवढा दहा मायक्रोग्रॅम होतो आणि पुरतो. शिवाय यकृतात बी१२ चा साठा बराच असतो, त्यामुळे तूट दिसायला कधी वर्ष लागतं, कधी दोन-तीन वर्षं. पाचव्या महिन्यात तुम्हाला छान वाटतंय ते जुन्या साठ्यावर.

नाचणीचंही तेच. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण तुम्ही आता एका वेळेला भाकरी किती खाता? अर्धी. त्यात १०० मिलिग्रॅमही धड येत नाही, आणि नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलंही काही अडवतं. नाचणी खा, मी रोज सकाळी आंबील घेते, पण ती गोळीच्या जागी धरू नका.

अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बेरिॲट्रिक सर्जरी या संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींमध्ये स्लीव्ह आणि बायपाससाठी दिवसाला कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या बायकांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन डी३ रोज ३००० युनिट (रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत), बी१२ रोज किमान ३५० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, आणि थायमिन (बी१) किमान १२, शक्यतो ५० मिलिग्रॅम असं दिलेलं आहे. तुमचा नेमका डोस तुमचे डॉक्टर तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवरून ठरवतील, पण कागदावरचा आकडा याच्या आसपास नसेल तर तोंड उघडून विचारा.

विचारताना स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचून जा. "कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम" लिहिलेल्या गोळीत खरं कॅल्शियम २१० च्या आसपासच असतं. "फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम" मध्ये खरं लोह शंभरेक. हिशोब "एलिमेंटल" या शब्दापुढच्या आकड्याचा करायचा. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट घ्या, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि तुम्ही ॲसिडिटीची गोळीही घेत असाल तर ते आणखी कमी. एका वेळेला ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून जास्त शोषलं जात नाही, म्हणून तुकडे करून घ्यायचं. मेडिकलवाला जेलीसारख्या गोड गोळ्या पुढे करेल. बहुतेक जेलींमध्ये लोह नसतं, त्या नको.

माझा दिवस असा. सकाळी आठला आंबिलीनंतर मल्टिव्हिटॅमिन. अकराला, चहाला तासभर होऊन गेल्यावर, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की, आणि रात्री झोपताना. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, म्हणून त्याच्या जवळ कॅल्शियम येऊ देत नाही. बी१२ चं इंजेक्शन दर संकष्टीला. संकष्टी महिन्यातून एकदा येते आणि आमच्या घरात ती कोणी विसरत नाही, म्हणून ती सवय टिकली. तुम्हीही एखाद्या ठरलेल्या गोष्टीला गोळी बांधून टाका, मोबाइलचा गजर आठवड्याभरात कानाला सवयीचा होतो.

मळमळीचं म्हणाल तर ती बहुतेक लोहाने किंवा उपाशीपोटी घेतलेल्या मल्टिव्हिटॅमिनने होते. मल्टिव्हिटॅमिन खाल्ल्यानंतरच घ्या, मोठी गोळी असेल तर चघळायची मागून घ्या. लोहाचा प्रकार बदलून पाहता येतो, तेही जमलं नाही तर शिरेतून देतात. आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आणि फक्त फॉलिक ॲसिडवर राहू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

डी व्हिटॅमिनबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. आमच्या ओळखीत एकांनी ती रोज घेतली होती, ताकद येते म्हणून. त्याने रक्तातलं कॅल्शियम धोक्याइतकं वाढू शकतं. ती किती आठवडे घ्यायची हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नका आणि वाढवू नका.

केसांची फार काळजी नको. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात वजन झपाट्याने उतरलं की केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं मात्र दिवसाला ६० ते ८० ग्रॅम पोटात गेली पाहिजेत. बायोटिनच्या भारी डोसच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी थायरॉइडसकट काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. गळणं वर्षानंतरही चालू राहिलं तर फेरिटिन आणि झिंक बघायला लावा.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसात असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग श्रावण, म्हणजे तीन महिने ताटातलं प्रथिन घसरतं. मी तेव्हा कुळथाची पिठी घट्ट करते, पनीर आणि ताक वाढवते. उपवासाला साबुदाण्यावर दिवस काढू नका, आणि गोळ्या उपवासालाही घ्यायच्याच. हवेतल्या ओलीने चघळायच्या गोळ्या चिकट होतात, म्हणून सुट्ट्या काढून ठेवू नका, स्ट्रिपमध्येच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीच्या वरच्या फळीवर तर नकोच. मृग लागायच्या आधी दोन महिन्यांचा साठा आणते. रस्ता बंद झाला तरी गोळी चुकत नाही.

तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. हिमोग्रॅम, फेरिटिन, बी१२, फोलेट, डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन). कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून पीटीएच गाळू नका. शरीराला कमी पडलं की ते हाडांतून काढून रक्तातला आकडा सांभाळतं, आणि ती चोरी पीटीएचमध्येच दिसते. तुमची सहाव्या महिन्याची तपासणी आलीच आहे, ती चुकवू नका. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि त्याआधी हे सगळे आकडे जागेवर हवेत.

शेवटची गोष्ट सगळ्यात तातडीची. काही दिवस सतत उलट्या होत राहिल्या, अन्न टिकत नसेल, तर घरी लिंबू चोखत बसू नका. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपला की डोळ्यांना दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, आणि मेंदूचं हे नुकसान कायमचं होऊ शकतं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात पहिली लावतात ती ग्लुकोजची सलाइन, आणि थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज गेलं तर हेच जास्त बिघडतं. माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे प्लास्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी असते, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो आहे. तिच्यावर एवढंच लिहिलंय : "माझी वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका." तुम्ही बायपासच्या जागी स्लीव्ह लिहा, शेवटची ओळ आपल्या सर्जनना विचारून ठेवा, आणि खाली त्यांचा नंबर घाला.